रोजगार हमीचं इंग्रजी

आमचे सर शिव्या द्यायचे त्याही अहोजाहोनं. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, तुम्ही गाढव आहात. बसा." मी बसले. एसएससीला दोनदा इंग्रजीत नापास झालेल्या मुलीनं याहून वेगळं काही म्हणवून घ्यायची अपेक्षा ठेवू नये, असं तेव्हा मला वाटायचं.

क्लास पिंपरीत, पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत. मधली भिंत वरपर्यंत बांधलेली नव्हती, त्यामुळे गिरणीचा आवाज आणि पीठ दोन्ही आमच्याकडे यायचं. सर त्या आवाजावर आवाज चढवून शिकवायचे आणि तास संपेपर्यंत त्यांचा काळा कोट पांढरा व्हायचा. तो कोट ते बारा महिने घालत. आम्ही सात-आठ जण होतो. बहुतेक कंपन्यांमधले कामगार, पहिली शिफ्ट सुटली की डब्याची पिशवी घेऊन थेट यायचे. कुणाला खात्यातली परीक्षा द्यायची होती, कुणाला साहेबाचं बोलणं कळावं एवढंच हवं होतं. बाई मी एकटीच.

मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. कंपनीच्या ऑफिसात टेबल आणि खुर्ची. पास झाले तर वडिलांच्या ओळखीचे एक साहेब मला टाइपिंगच्या कामावर चिकटवणार होते. नाही झाले तर देहूरोडचं एक स्थळ ठरल्यात जमा होतं. मार्चची परीक्षा ही शेवटची, असं वडिलांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हा मला कंपनीचं इंग्रजी हवं होतं. पत्राची सुरुवात कशी करायची, रजेचा अर्ज कसा लिहायचा, असलं. आणि या माणसानं माझ्यापुढं ठेवलं काय, तर आठवड्याचं शिळं इंग्रजी वर्तमानपत्र आणि त्यातली रोजगार हमीची बातमी.

सर दुसरं काही शिकवतच नसत. पाठ्यपुस्तक उघडलं तर झडप घालून मिटायचे. उतारा म्हणजे बातमी, आणि बातमी म्हणजे गावाकडच्या सरकारी कामांची. कुठं पाझर तलाव, कुठं नालाबांध, कुठं रस्त्याची खडी. किती मजूर लागले, कोण मंत्री येऊन गेले. रद्दीवाल्याकडं उकिडवे बसून ते इंग्रजी अंक निवडायचे, बातमी कापायचे आणि कोटाच्या खिशात घालायचे. उजवा खिसा उद्घाटनांचा. डावा तक्रारींचा. आणि आतल्या खिशात अशा बातम्या, ज्यांचा अर्थ त्यांना स्वतःलाच लागलेला नव्हता. सगळ्यांत फुगलेला तोच.

एकेक बातमी आठवडाभर चालायची. रोज तिच्यातले दहा शब्द. अनस्किल्ड, स्कॅर्सिटी, मस्टर, लॅप्स. प्रत्येक शब्दाचं वाक्य करायचं, तेही पिंपरी-भोसरीतलं. ज्ञानोबानं एकदा 'स्कॅर्सिटी'वर कुठल्याशा राजाच्या राज्यातल्या दुष्काळाचं वाक्य केलं. हा ज्ञानोबा भोसरीचा, घरची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेलेली, स्वतः लेथवर कामाला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. सरांनी पट्टी उचलली आणि मारली ती टेबलावरच्या वर्तमानपत्रावर. माणसाला त्यांनी कधी मारलं नाही, कागदाला मारायचे. विचारलं, तुमच्या वस्तीत नळाला पाणी येतं का? ज्ञानोबा म्हणाला, न्हाई येत. "मग राजाच्या घरी कशाला गेलात?"

शब्दांपेक्षा सरांचा खरा जीव वाक्यातल्या बारक्यासारक्या गोष्टींवर. 'वर्क वॉज प्रोव्हायडेड' असं आलं की त्यांचा चेहरा लाल व्हायचा. "कुणी?" आम्ही म्हणायचो, सर, वाक्यात लिहिलेलं नाही. "तेच विचारतोय. लिहिणाऱ्याला माहीत होतं. मग गाळलं का?" दुसऱ्या बातमीत, 'इर्रेग्युलॅरिटीज वेअर नोटिस्ड.' कुणी केल्या? कुणी पाहिल्या? पाहून पुढं काय केलं? हे तीन प्रश्न फळ्यावर कायम लिहिलेले असत, ते कुणी पुसायचे नाहीत. आणि 'बिफोर', 'आफ्टर', 'ड्युअरिंग' या शब्दांत चूक झाली तर संपलंच. ज्ञानोबानं एकदा 'ड्युअरिंग'च्या जागी 'आफ्टर' लिहिलं. सरांनी ती वही हातात घेतली, बघितली, आणि ती त्यांच्या हातून खाली पडली. ते बाहेर जाऊन गिरणीच्या ओट्यावर उभे राहिले, परत आलेच नाहीत त्या दिवशी. एवढ्याशा चुकीपायी! मी मनात म्हटलं, म्हातारा खुळा आहे, आणि माझं वर्ष खुळ्याच्या हातात आहे.

मला त्यांचा राग यायचं आणखी एक कारण होतं. एका बातमीत खडी फोडण्याचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी विचारलं, इथं खडी कुणी फोडली आहे? हात वर करा. कुणाचाच झाला नाही. माझाही नाही.

मी फोडली होती. बहात्तरच्या दुष्काळात, आम्ही अजून मराठवाड्यात होतो तेव्हा, आईबरोबर, वयाच्या अकराव्या वर्षी. दगड निसटू नये म्हणून त्याच्याभोवती दोरीचं कडं ठेवायचं, कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून डोळे बारीक करायचे, आणि हातोडी मारायची. आईच्या डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते पुन्हा सरळ आलं नाही. मग वडिलांना पिंपरीत कंपनीत काम लागलं, आम्हाला इथल्या बौद्धवस्तीत खोली मिळाली, आणि आमच्या घरात खडी हा शब्द बंद झाला. कुणी बंद करा म्हटलं नाही, झाला. आणि हे सर त्याच खडीचं इंग्रजी स्पेलिंग माझ्याकडून दहा-दहा वेळा घोटून घेत होते. मला वाटायचं, पट्टी घ्यावी आणि मीच त्या कागदाला मारावी.

जानेवारी संपत आला होता तेव्हा चाकणच्या पुढच्या एका गावाची बातमी आली. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथं पाझर तलावाचं काम चाललं होतं, आणि बातमीचं शेवटचं वाक्य असं होतं, की मजुरांसाठी सावली, पिण्याचं पाणी आणि 'क्रेश' यांची सोय करण्यात आली आहे. क्रेश म्हणजे पाळणाघर, हा त्या दिवसाचा नवा शब्द. सरांनी प्रश्न टाकला, व्हेअर इज द क्रेश? मी उत्तर दिलं, ऑन द साइट. व्याकरण बरोबर, उत्तर बरोबर.

"कशावरून?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, बातमीत आहे. मग त्यांनी विचारलं, की ती साइट इथून किती लांब आहे? मला कळेना हा कुठला प्रश्न. ज्ञानोबा म्हणाला, यष्टीनं तासाभराची वाट, पुढं चालत.

"मग गुरुवारी जाऊ," सर म्हणाले. "उत्तर तपासून येऊ."

गुरुवारी ज्ञानोबाच्या कंपनीला सुट्टी असायची. बाकीचे कुणी आले नाहीत, आम्ही तिघंच निघालो. मी घरी जादा तास आहे म्हणून सांगितलं, ते अगदीच खोटं नव्हतं. भोसरी, मोशी, चाकण, आणि पुढं एका फाट्यावर उतरून माळावरून पायपीट. दूरवरून हातोड्यांचा आवाज यायला लागला. तो आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता आणि तरी प्रत्येक ठोका ओळखीचा होता.

सत्तर-ऐंशी माणसं होती, त्यांत बायाच जास्त. काही माती वाहत होत्या, काही पिचिंगसाठी, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवायला, दगड फोडत होत्या. झाड एकच, बाभळीचं, आणि त्याखाली हजेरी घेणारा कारकून खुर्ची टाकून बसलेला. सर थेट त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. आठवडाभर तोंडात घोळलेला प्रश्न होता, तो जसाच्या तसा इंग्रजीत बाहेर पडला. व्हेअर इज द क्रेश?

कारकून ताडकन उठला. काळा कोट, इंग्रजी, बरोबर वही घेतलेली एक बाई आणि एक माणूस. त्याला वाटलं, वरून तपासणी आली. त्यानं खुर्ची पुसली, सरांना बसायची विनवणी केली, दोन गड्यांना हाका मारल्या. बघता बघता चार बांबू रोवले गेले, कुठून तरी ताडपत्री आली, खाली पोतं पसरलं, आणि दगडांच्या ढिगाशेजारी टोपल्यांत झोपवलेली तीन पोरं उचलून त्या सावलीत आणून ठेवली. कारकून सांगत होता, साहेब, सावली रोज असते, आत्ताच वाऱ्यानं पडली होती. वारा नव्हताच. सर ताडपत्रीकडं बघत उभे होते. रागानं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि कारकून त्यालाच साहेबी रुबाब समजत होता.

मी दगड फोडणाऱ्या एका बाईजवळ जाऊन बसले. तिचं नाव सोनाबाई. तीस-बत्तिशीची असेल. तिचं पोर आत्ताच सावलीत नेलं होतं आणि ती मान वळवून वळवून तिकडं बघत होती. मला म्हणाली, "सावली आज दिसली, बाई. तुमी रोज येत जावा."

मी तिला फळ्यावरचे प्रश्न विचारले. मराठीत, पण तेच. कोण कामावर घेतं, कोण काढतं, हजेरीपटावर किती नावं, त्यांतली किती माणसं खरी. ती हातोडी न थांबवता बोलत गेली. कधीच न येणाऱ्या माणसांची नावं पटावर होती, गावातल्या वजनदार घरांतली. मी सगळं लिहून घेतलं, आणि सरळ इंग्रजीत लिहून घेतलं. न घाबरता, न अडता इंग्रजीत लिहिण्याची ती माझी पहिली वेळ. मला इतका आनंद झाला होता, की समोरून कारकून माझ्याकडं, माझ्या वहीकडं आणि सोनाबाईकडं बघतोय, हे दिसूनही मला त्याचा अर्थ लागला नाही. पुरतं पान भरून लिहिलं मी.

निघताना पाणी प्यायला पिंपापाशी गेलो. कारकुनानं मला स्टीलचा पेला भरून दिला. शेजारी सोनाबाई ओंजळ धरून वाकली होती आणि एक गडी वरून तिच्या ओंजळीत धार सोडत होता. बाकीच्या बाया पिंपात तांब्या बुडवून घेत होत्या. ही आणि आणखी तिघी-चौघी तेवढ्या ओंजळीनं. कुणी सांगायची गरज नव्हती, मला कळलं. मघाशी तिनं मला हळूच विचारलं होतं, तुमी कुनाच्या? आणि मी म्हटलं होतं, पिंपरीच्या. मी तो पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्याले. आज इतक्या वर्षांनीसुद्धा मला त्या गड्यापेक्षा स्वतःचा जास्त राग येतो.

परतीच्या यष्टीत ज्ञानोबा खुशीत होता. म्हणत होता, एका वाक्यात मांडव उभा केलात, सर. सरांनी त्याला विचारलं, "मी हेच मराठीत विचारलं असतं तर?" ज्ञानोबा खोटं बोलणारा नव्हता. म्हणाला, हाकलून दिलं असतं.

दहा-बारा दिवसांनी तास चालू असताना दारात सोनाबाई उभी राहिली. कडेवर पोर, पायांवर धूळ. त्या दिवशी निघताना मी तिला सहज म्हटलं होतं, कधी पिंपरीला आलात तर गिरणीमागं या. लोक म्हणतात तसं म्हटलं होतं. ती विचारत विचारत खरंच आली होती. सर तिला बसा म्हणाले, ती बसली नाही.

आम्ही येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कारकुनानं तिचं नाव हजेरीपटावरून उडवलं होतं. तुझं काम तुझ्या पिंपरीच्या सायबालाच माग, म्हणाला होता. ताडपत्री तर त्याच संध्याकाळी काढून नेली होती. हे तिनं सरांना सांगितलं, पण बघत होती माझ्याकडं.

"तुमी आलात, इचारलंत, लिवून घेतलंत, गेलात," ती म्हणाली. "हातोडी माझ्या हातातनं गेली. तुमच्या हातातली वही हाय तिथंच हाय."

गिरणी चालू होती तरी खोलीत प्रत्येकाला ते ऐकू आलं. मी उठून पाणी आणलं, माझ्या डब्यातली भाकरी काढून पोराच्या हातात दिली. ती नको म्हणाली नाही आणि बरं झालं असंही म्हणाली नाही. सरांनी तिच्याकडून गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, किती दिवस काम केलं ते सगळं विचारून घेतलं. तिला यष्टीवर सोडायला ज्ञानोबा गेला.

ती गेल्यावर सरांनी पट्टी कपाटावर ठेवली आणि आवाज न चढवता बोलायला लागले. आम्ही पुढं सरकलो, नाहीतर गिरणीच्या आवाजात काही ऐकू आलं नसतं. ते पूर्वी एका जिल्ह्याच्या कचेरीत भाषांतरकार होते, लांबच्या जिल्ह्यात. गावांतून मराठीत आलेली कागदपत्रं वरच्या साहेबांसाठी इंग्रजी करायची, हे त्यांचं काम. दुष्काळात एका कामावर भर उन्हात एक बाई दगड उचलताना पडली आणि तिथंच गेली. गावाहून आलेल्या अर्जात तसं सरळ लिहिलं होतं. सरांनी भाषांतरात 'ड्युअरिंग वर्क' लिहिलं. वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, एक शब्द बदला, 'आफ्टर वर्क' करा. कामानंतर गेली म्हणजे कामामुळं नाही, मग कुणाला जबाब द्यायला नको, तिच्या घरच्यांना काही द्यायला नको. सरांनी बदलला. स्वतःच्या अक्षरात. महिन्याभरानं नोकरी सोडली, पण शब्द तसाच राहिला. "नोकरी सोडणं सोपं होतं," ते म्हणाले. "शब्द न बदलणं जमायला हवं होतं."

ज्ञानोबा परत आला होता, तो दारातच उभा होता. मी वहीतलं ते इंग्रजीत भरलेलं पान बघत होते.

दुसऱ्या दिवशीपासून सर तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसायला लागले. नियम असा होता, की गावातल्या माणसानं काम मागितलं की ठरलेल्या दिवसांत ते द्यायलाच हवं. पण मागितल्याचा पुरावा हवा. म्हणजे अर्जाची पोच हवी. सोनाबाईचा अर्ज आम्ही मराठीत केला, तो मी लिहिला. सरांनी मुद्दाम माझ्याकडून लिहून घेतला. कचेरीतला माणूस म्हणायचा, अर्ज ठेवून जा. सर म्हणायचे, पोच द्या. तो म्हणायचा, साहेब दौऱ्यावर आहेत. सर म्हणायचे, थांबतो. संध्याकाळी कचेरी बंद झाली की उठायचे, सकाळी उघडायच्या आधी हजर. कोट घरी ठेवून जायचे. इंग्रजीचा एक शब्द त्यांनी तिथं काढला नाही. ज्ञानोबा म्हणाला, सर, एक वाक्य टाका की, चुटकीसरशी देतील. सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की पुन्हा त्यानं नाव काढलं नाही.

गुरुवारी मीही गेले. सोनाबाई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. दुपारी तो माणूस वैतागून बाहेर आला आणि मला विचारलं, की म्हातारबुवांचं समजलं, तुमचा यात काय संबंध, तुम्ही हिच्या कोण?

"मी यांच्याच समाजाची," मी म्हटलं. "बौद्ध. मीपण खडी फोडलेली आहे. अर्ज माझ्या अक्षरात आहे, पोच मला द्या."

सोनाबाईनं वळून माझ्याकडं बघितलं आणि मांडीवरचं पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. तिला पाय मोकळे करायचे होते.

पोच शुक्रवारी मिळाली. अर्ध्या कागदावर शिक्का आणि तारीख. त्याच्या आदल्या रात्री, गुरुवारी, मी घरी गेले तेव्हा वडिलांना कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. ते ओरडले नाहीत. "खडीतून बाहेर काढलं तुला," म्हणाले, "आणि तू परत तिथंच जाऊन बसलीस." त्यांनी काढलं होतं हे खरंच होतं. आई भाकऱ्या थापत होती. वडील बाहेर गेल्यावर तिनं वर न बघता विचारलं, "पोच दिली का त्यांनी?"

सोनाबाईला मुदतीच्या शेवटच्या दिवशी काम मिळालं. पाझर तलावावर नाही, दुसऱ्याच दिशेला, पाच मैलांवर, रस्त्याच्या कामावर. तिथंही सावली नव्हती. जाऊन-येऊन दहा मैल, कडेवर पोर. ती गेली. तलावावरच्या त्या कारकुनाचं काय झालं असं कुणी विचारलं तर काहीच झालं नाही. तो तिथंच होता, बाभळीखाली.

आणि सर आम्हाला सोडून गेले. परीक्षेला तीन आठवडे असताना. खोलीची किल्ली गिरणीवाल्याकडं, कात्रणांचा गठ्ठा ज्ञानोबाकडं, आणि निरोप एवढाच, की तालुक्याला जाऊन राहतो, तिथं अर्ज लिहिणारं कुणी नाही. मला इतका संताप आला की मी दोन दिवस जेवले नाही. एका सोनाबाईसाठी आम्ही आठ जण वाऱ्यावर. माझं टेबल, माझी खुर्ची, देहूरोडचं स्थळ, हे त्यांच्या कुठल्या खिशात बसत होतं? ज्ञानोबाकडचा गठ्ठा मी आणला आणि त्यांना शिव्या देत देत त्यातली एकेक बातमी पाठ केली. शिव्या अहोजाहोनंच दिल्या, सवय लागली होती.

मार्चच्या पेपरात उतारा आला तो दीपगृहाचा. समुद्र मी पाहिलेलाही नव्हता. पण वाक्यं तशीच होती आणि कुणी, कधी, कुठं, हे शोधायची खोड लागलेली होती. जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत अडतीस. वडिलांनी पेढे आणले आणि साहेबांना भेटून आले. पहिल्या तारखेपासून ये, असा साहेबांचा निरोप.

कामावर जायच्या आधी एक दिवस मी तालुक्याला गेले. नवं पातळ नेसून गेले होते. निकाल सरांच्या तोंडावर सांगायचा आणि तुम्ही आम्हाला टाकून गेलात हेही सांगायचं, असं ठरवून. पाऊस लांबला होता. पेरण्या अडल्या होत्या, आणि कचेरीच्या आवारात कामाच्या मागणीसाठी रांग लागली होती. रांगेच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, सर सतरंजीवर बसून लिहीत होते. अंगात फक्त सदरा. वाळले होते. मी रांगेतल्या शेवटच्या बाईला विचारलं, हे बाबा इंग्रजी बोलतात का गं? ती म्हणाली, "न्हाई बा. कधी ऐकलं न्हाई."

मी रांगेतच उभी राहिले. पाऊण तासानं माझी पाळी आली. त्यांनी वर न बघता विचारलं, नाव, गाव, काय हवंय?

"काही नको," मी म्हटलं. "पास झाले."

त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता काही म्हणतील. माझ्यामागच्या रांगेकडं नजर टाकून ते म्हणाले, "मग बसा. दुसरं पेन आहे."

मला जे बोलायचं होतं ते सगळं ओठांवर होतं. पण माझ्यामागं काठी टेकत आलेली म्हातारी पुढं सरकली होती आणि कुणापुढं बसावं ते तिला कळत नव्हतं. मी पदर खोचला आणि सतरंजीच्या कडेला बसले. तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि शाळेत शिकवतात तशी सुरुवात केली, की आपणांस नम्र विनंती आहे. सरांचा हात बाजूनं आला आणि पट्टी मारावी तसं बोट त्या शब्दांवर आपटलं.

"विनंती काय करताय, बाई? कायदा आहे."

मी ती ओळ खोडली. म्हातारी म्हणाली, पोरी, बिगीनं लिही, मला सांजच्या आत घर गाठायचंय. मी लिहिलं, मला काम पाहिजे, आणि तिचा अंगठा धरून शाईला लावला.